आईच्या छोट्या गाडीचे टायर

२ नोव्हेंबर

चार टायर आले. पोस्टानं! गावातल्या दुकानातून फोन — "ओइवा, तुझ्या आईच्या नावावर चार टायर येऊन पडलेत. दुधाच्या पेट्या ठेवायला जागा उरली नाही. आधी ते उचल." राइलीनं पाठवलेत, हेलसिंकीहून. न विचारता. धाकट्या बहिणीनं मला एक फोन करू नये?

सोबत चिठ्ठी. "आईसाठी. इथे आम्ही सगळे हेच वापरतो. अजिबात आवाज नाही."

आवाज नाही! आवाज नसण्याचं आईला काय करायचंय? तिला पकड हवी. बाबा मार्चपासून वृद्धाश्रमात आहेत. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. आई रोज अकराच्या जेवणाला तिथे हजर. चौतीस किलोमीटर जायचं, चौतीस यायचं, वय शहात्तर, आणि मध्ये मुस्तावाराचा उतार. "मी नाही गेले तर ते जेवत नाहीत," एवढंच सांगते. उन्हाळ्यात मी काही बोललो नाही. पण आता हिवाळा आलाय, आणि तिचे जुने टायर मीच वसंतात फेकून दिले. बर्फात पकड घेणारे त्यांचे खिळे पार झिजले होते.

टायर उलटसुलट करून पाहिले. हिवाळी टायरचा शिक्का आहे — डोंगर, त्यात हिमाची पाकळी. पण एकही खिळा नाही. आणि रबर कडक! नखानं दाबलं, दबेना. हे दक्षिणेकडच्या देशांसाठी केलेले, जिथे हिवाळा म्हणजे पाऊस. आमच्याकडे उणे पंचवीसला याचं लाकूड होईल.

३ नोव्हेंबर

राइलीला फोन केला. शांत बोलायचं ठरवून.

"ओइवा, जग पुढे गेलंय. खिळ्यांनी रस्ते खरवडले जातात, धूळ उडते. इथली लहान मुलं खोकतात."

मी म्हटलं, मुस्तावाराच्या उतारावर खोकायला एकही मूल नाही. तिथे कोल्हे आहेत.

"तू सगळ्यालाच नाही म्हणतोस. आईसाठी कधी नव्हे ते काही पाठवलं, तर त्यातही खोट!"

कधी नव्हे ते — हे तीच म्हणाली, मी नाही. फोन ठेवल्यावर जेवायला बसलो. देवाचे आभार मानायला हात जोडले आणि शब्दच येईनात. तसाच जेवलो. वाईट वाटलं.

४ नोव्हेंबर

आईला सांगितलं, हे टायर नकोत, मी खिळ्यांचे आणतो. ती कॉफी ओतत होती. वर न बघता म्हणाली, "पोरीनं पाठवलेत."

"पण आई, पकड —"

"पोरीनं पाठवलेत म्हटलं ना."

झालं. बोलणं संपलं. या घरात भांडणसुद्धा दोन वाक्यांत उरकतं.

७ नोव्हेंबर

पुरावा हवा होता. काल संध्याकाळी अंगणात तळ्यातलं पाणी आणून ओतलं, तीस बादल्या. सकाळी आरसा झाला होता. वेयोला बोलावलं. त्याचं टायरचं दुकान चर्चच्या मागे आहे. तो आपल्या बायकोची गाडी घेऊन आला. तीही छोटीच, पण तिला खिळ्यांचे टायर. आईच्या गाडीला राइलीचे लावले.

दोन्ही गाड्या तिशीच्या वेगानं आणल्या, खांबापाशी ब्रेक दाबला, पुढची पावलं मोजली. खिळ्यांची गाडी सतरा पावलांत थांबली. राइलीची एकतीस! एकतिसावं पाऊल लाकडाच्या ढिगात.

वेयो हसून हसून वाकला. "अरे ओइवा, तुझ्या बहिणीनं आईला टायर नाही, स्केट पाठवलेत!"

खिडकीतून आई ओरडली, "अंगणाची काय दशा केलीत दोघांनी! माझा पाय मोडला म्हणजे?"

मी म्हटलं, बघितलंस ना, एकतीस पावलं!

"बघितलं. तुला ब्रेक दाबता येत नाही. मी कधी असा दाबते का?"

मग बाहेर आली आणि घसरायला नको म्हणून सगळ्या अंगणभर राख पसरली. माझा पुरावा राखेखाली.

वेयोकडे या मापाचे खिळ्यांचे टायर नाहीतच. चौदा इंची आता कोण ठेवतं, म्हणाला. मागवावे लागतील, तीन आठवडे. म्हटलं, मागव. आईला नाही सांगितलं.

८ नोव्हेंबर

राइलीचेच टायर पक्के करून दिले. माझ्या हातांनी. प्रत्येक नट आवळताना रागाला आवर घालत होतो — आणि नट जरा जास्तच आवळले गेले.

१५ नोव्हेंबर

आठवडाभर हवा सौम्य. रस्ता ओला, काळा. राइलीचा निरोप — "आई म्हणते गाडी मखमलीसारखी चालते. आता बोल!"

काय बोलू? देवानं हवा दिली, श्रेय हिनं घेतलं.

१९ नोव्हेंबर

उणे चौदा. काल पाऊस, आज गोठण. पहाटे ट्रॅक्टरला बर्फ लोटायचं पातं लावून निघालो, पण लोटायला बर्फ नव्हताच. नुसती काच. मुस्तावाराच्या उतारावर ट्रॅक्टरचं मागचं चाक सरकलं. वीस हिवाळे हा रस्ता साफ करतोय मी. खडी टाकली, पुरेशी नव्हती. उरलेल्या उतारासाठी देवाजवळ मागितलं. परत येऊन आईला म्हटलं, आज नको जाऊस. ती तोवर बूट घालून उभी होती.

२० नोव्हेंबर

आत्ता कळलं! एक दिवस उलटून गेल्यावर! आणि तेही वेयोकडून, पेट्रोल भरताना —

"आई ठीक आहेत ना रे कालच्यानंतर?"

"कालच्या कशानंतर?"

मग त्यानं सांगितलं. काल उतारावर आईची गाडी फिरली. एक पूर्ण गिरकी घेऊन कडेच्या चराजवळ, पाइनच्या दोन झाडांमध्ये जाऊन बसली. हातभर इकडे असती तर झाड, हातभर तिकडे असती तर तळं. आईनं फोन कुणाला केला? मला नाही. मी तीन किलोमीटरवर ट्रॅक्टर घेऊन फिरत होतो! वेयोला केला. त्यानं दोरीनं ओढून काढलं. आणि बाहेर निघाल्यावर ती घरी आली? छे! "म्हणाल्या, दहा वाजून गेले, उशीर होतोय. आणि तशाच पुढे गेल्या," वेयो म्हणाला. "मी तरी काय करणार? तुझ्या आईला तू ओळखतोस."

ओळखतो? मला आज खात्री नाही.

आईला विचारलं. "गाडीला काही झालं नाही," म्हणाली. मी गाडीचं विचारलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

वृद्धाश्रमात फोन केला. आन्नीना म्हणून बाबांची नर्स आहे, तरुण, गोड बोलते. विचारलं, आई आली नाही तर बाबा खरंच उपाशी राहतात का?

ती म्हणाली, "छे हो, कोण म्हणालं? सकाळची पेज कुणीही दिली तरी खातात. संध्याकाळी तर दोनदा मागून घेतात. दुपारचं ताट तुमच्या आई खोलीत नेतात आणि दार लावून घेतात. आम्ही मध्ये पडत नाही. पण त्या नाही आल्या तरी काळजी नको."



म्हणजे खोटं! आठ महिने खोटं! माणूस खातोय, मजेत खातोय, आणि ही बाई रोज त्या उतारावरून जीव टांगणीला लावून जाते. कशासाठी? मी रोज पहाटे तिच्यासाठी तो उतार दोनदा खरवडतो. रोज अकरा वाजता मनात म्हणतो, देवा, पोचू दे. देवालासुद्धा मी खोट्या कारणासाठी रोज त्रास दिला!

सरळ अंगणापलीकडे तिच्या घरात गेलो, खुंटीवरून गाडीची किल्ली काढली, खिशात घातली.

"बाबा तुझ्याशिवाय जेवतात. मी विचारलंय."

आई नुसती रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली.

२२ नोव्हेंबर

आई बोलत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

नेहमीसारखी प्रार्थनाघराची शेगडी पेटवली, बाकं पुसली; रविवारी ते काम माझ्याकडे असतं. अकरा जण आले. आई तिच्या जागेवर बसली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. गाण्याच्या पुस्तकातलं पान सापडत नव्हतं तिला. चष्मा लावूनही. शेजारणीनं काढून दिलं.

माझं बरोबर आहे. शंभर वेळा तपासून पाहिलं, बरोबरच आहे. मग देवाला तेच पुन्हा पुन्हा का सांगतोय?

२६ नोव्हेंबर

राइलीचा फोन! "किल्ली काढून घेतलीस? तिच्या खुंटीवरून? तू कोण लागून गेलास?"

म्हटलं, तुझ्याच टायरांमुळे ती तळ्यात जाणार होती. टायर पाठवून तू मोकळी झालीस. रस्ता मला साफ करावा लागतो.

पलीकडे रडण्याचा आवाज. मला तिला रडवायचं नव्हतं. खरं तर होतं, थोडंसं. देवा, क्षमा कर.

शेवटी ती म्हणाली, "मी काय पाठवायला हवं होतं, ते मला कुणी सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. पण विचारलंही नव्हतंस!

२८ नोव्हेंबर

आजचं लिहून ठेवायला हवं.

रात्रभर बर्फ पडला, गुडघाभर. साडेआठला मुस्तावाराहून मागे फिरून, अलीकडे रस्त्याची दुसरी बाजू मोकळी करत होतो. या दिवसांत तेव्हा कुठे झुंजुमुंजू होतं. समोर काहीतरी हललं. रेनडिअर असेल म्हणून वेग कमी केला. रेनडिअर नव्हतं. आई होती! पायानं रेटायची जुनी खुर्चीगाडी घेऊन — खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे बसायची पाटी. बायका ती घेऊन दुकानात जातात, फार तर टपालपेटीपर्यंत. आई त्या गाडीवर घरापासून पाच किलोमीटर आली होती. पाटीवर तिची पर्स, पट्ट्यानं बांधलेली. भुवयांवर बर्फ.

मी उडी मारून खाली उतरलो. ओरडलो. आईवर मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. "कुठे निघालीस? अजून एकोणतीस किलोमीटर आहेत! मरायचंय का?"

तिनं धाप ओसरू दिली. मग मागचा रस्ता बघितला.

"रस्ता छान काढलायस," म्हणाली. "इथवर कुठेच अडखळले नाही."

सहा दिवसांनी बोललेले पहिले शब्द.

तिला उचलून ट्रॅक्टरात बसवलं. हलकी. किती हलकी! कोटासकट एखाद्या पोरीएवढी. खुर्चीगाडी मागे बांधली आणि घरी आणलं. ती भांडली नाही. घरात आल्यावर एवढंच म्हणाली, "दुपारी त्यांच्या ताटाजवळ कुणी नसेल आजही."

म्हटलं, नर्स आहेत, आई.

"हो. नर्स आहेत."

२९ नोव्हेंबर

वेयोचा फोन. "तुझे चौदा इंची आलेत रे. खिळे असे की बोट लावलंस तर रक्त येईल. कधी येतोस?"

म्हटलं, नकोत आता. आई गाडी चालवणार नाही.

"आणि हे कोण म्हणतं? त्या की तू?"

त्याला काय करायचंय! टायर विकणाऱ्यानं टायर विकावेत. "दोन दिवस ठेवतो," म्हणाला, "मग परत पाठवेन."

आईला मात्र सांगितलं — उद्या मी तुला माझ्या व्हॅनमधून नेतो. एकदाच. तिथे बाबांना जेवताना स्वतः बघ, म्हणजे तुझं समाधान होईल. तिनं मान हलवली. मग केस धुवायला पाणी तापत ठेवलं.

३० नोव्हेंबर

बाहेर व्हॅनमध्ये थांबणार होतो. तिचा एक हातमोजा सीटवर राहिला होता, तो द्यायला आत गेलो. दार नीट लागलेलं नव्हतं.

चमचा बाबांच्या हातात होता. आई समोर बसून तोंड उघडत होती, त्यांच्या ताटातलं खात होती, आणि ते तिच्या हनुवटीवर सांडलेलं बोटानं पुसत होते. आमच्या घरात कुणी कुणाला असा हात लावलेला मी कधी पाहिलं नव्हतं. माझं नाव विसरलेला तो माणूस आईला म्हणत होता, "खा एल्मा, आठ दिवस कुठे होतीस? घरी तू काही खात नाहीस, मला माहीत आहे. अजून एक घास."

दार हळूच ओढून घेतलं. वेयोला तिथूनच फोन केला. ते चार परत पाठवू नकोस.