दोष पट्ट्याचा आहे

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. डोंबिवली
कॅमेरा घेऊन आज एक महिना झाला. फोटो एकूण अकरा. त्यातले चार सीलिंग फॅनचे, चुकून. आज कारण सापडलं. कॅमेऱ्यासोबत आलेला पट्टा. मानेला काचतो, मान आखडते, उजव्या हाताला मुंग्या येतात. अशाने कुणाला फोटोग्राफी जमेल?
संकल्प: आधी योग्य पट्टा, मग फोटो.
२२ डिसेंबरला संचिताचं लग्न. राजरत्नदादाला सांगून टाकलंय, तुझ्या लेकीच्या लग्नाचे फोटो तिचा काका काढणार. दादा ‘बरं’ म्हणाला. खूश झाला असावा.

९ नोव्हेंबर, शनिवार
ऑफिस सुटल्यावर नौपाड्यात सहदेवकडे गेलेलो. बॅगा शिवतो, दुरुस्त करतो. रुंद पट्टा शिवून घेतला, आतून फोम. मऊ. त्याच्याकडचा चहाचा ग्लास माझ्या हातून निसटला. ग्लास गरम होता. सहदेव म्हणाला, साहेब, चहा तर कधीचा थंड झालेला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
बिल्डिंगचा नकाशा काढताना माउस दोनदा हातातून सुटला. अठ्ठावीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे, असं कधी झालं नाही. रविवारी फोमवाला पट्टा चार तास घातलेला, त्याचा परिणाम. मेघना म्हणाली, अहो, काल आणि आज कॅमेरा कपाटात होता. बायकोला भार साठत जातो हे पटत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार. उपवन
तिरका पट्टा आणला. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेवर. मान मोकळी! आता प्रगती नक्की.
तळ्यावर एक बगळा मिळाला. बटण दाबलं की नाही, तेच बोटाला कळेना. तोवर बगळा गेला. पट्टा कॅमेरा मागे खेचतो, म्हणून.
उजवी चप्पल तीनदा पायातून निसटली. चपला बदलायच्या.

२५ नोव्हेंबर, सोमवार
नव्या चपला. त्याही निसटतात. हल्ली माल चांगला येत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार
मेघनाने परस्पर हाडांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. बुधवारची. मी रद्द केली. बुधवारी होल्स्टर येणार आहे. कमरेच्या बेल्टला अडकवायचं, त्यात कॅमेरा खट्कन बसतो. खांद्यावर भारच नाही. मग हात दुखायचं कारणच राहणार नाही, डॉक्टर कशाला?


४ डिसेंबर, बुधवार
होल्स्टर आलं. उत्तम वस्तू. कंपनीने खटका मात्र फार कडक केलाय. वीस मिनिटं झटापट केली. शेवटी मेघनाने एका बोटाने उघडला. तिची नखं वाढलेली आहेत.

१५ डिसेंबर, रविवार
दादाचा फोन. सलिल नावाचा एक फोटोग्राफर येईल म्हणाला. ‘नुसता असू दे रे, प्रफुल्ल, तुझ्या मदतीला.’ हरकत नाही. त्याला लाइट धरायला सांगेन.

२२ डिसेंबर, रविवार. कल्याण
मंगल परिणय. संचिता पांढऱ्या साडीत अगदी आमच्या आईसारखी दिसत होती. सकाळी शर्टाची बटणं मेघनाने लावली. मला घाई होती.
त्रिशरण, पंचशील झालं. हार घालायची वेळ. मी पुढे, सलिल मागे. कॅमेरा होल्स्टरमधून काढला, डोळ्याला लावला. आणि हातात काही नव्हतं. सुटला हे कळलंच नाही, आवाज ऐकू आला तेव्हा कळलं. स्टेजच्या पायरीवर पडून लेन्सचा चुरा झाला. नवरा-नवरी हार हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.
खाली फुलांच्या पाकळ्या होत्या. पाय घसरला असणार.
दादा नुसता माझा हात हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, प्रफुल्ल, दाब जरा. मी दाबला. म्हणाला, अरे, दाब ना. मी म्हटलं, दाबतोय.

११ जानेवारी २०२५, शनिवार. ठाणे
एमआरआयचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे. मानेतली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आलाय. मी विचारलं, कोणता पट्टा वापरू? ते म्हणाले, कसला पट्टा? मी तिन्हींची माहिती दिली. त्यांनी नीट ऐकून घेतली. मग विचारलं, चप्पल पायातून निसटते का? मी म्हटलं, मालच तसा. मेघना म्हणाली, हो, निसटते.
डॉक्टरांनी विचारलं, शर्टाची बटणं लावायला त्रास कधीपासून?
मी म्हटलं, तिरक्या पट्ट्यापासून. मेघना म्हणाली, गेल्या पावसाळ्यापासून.
ऑपरेशन लवकर करायला हवं म्हणाले. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, आहे ते टिकवायचं. महिनाभर आधी आला असतात तर बरं झालं असतं.
रिक्षात माजिवड्यापर्यंत मी बोटांवर महिने मोजत होतो. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. कॅमेरा ऑक्टोबरात आला. पुन्हा मोजले. ऑक्टोबरच.

१९ जानेवारी, रविवार. हॉस्पिटल
अक्षर वेगळं आहे, कारण पेन धरता येत नाही. मी सांगतोय, मेघना लिहितेय. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. दादा आणि संचिता येऊन गेले. संचिताने लग्नाचा अल्बम आणलेला. सलिलने फोटो चांगले काढलेत.
मागची पानं वाचू नकोस, असं मेघनाला सांगितलं. म्हणाली, वाचलीत. सगळी? सगळी. चिडली असेल असं वाटलं. तर म्हणाली, पुढे सांगा.
मी म्हटलं, लिही, ऑपरेशन किरकोळ आहे, मला अजिबात भीती वाटत नाही.
तिने पेन खाली ठेवलं. हे मी लिहिणार नाही म्हणाली.
मग म्हटलं, बरं, लिही. घाबरलोय.