बोर्डावर आधी, गावात नंतर

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी चार-पाचच अंगं जमिनीपर्यंत पोहोचतात, उरलेली मनातल्या मनात टेकवली आहेत असं समज). तुझी पाठ कशी आहे? चौथ्या मजल्याची लिफ्ट चालू झाली की अजून तू मध्ये दोनदा बसून वर जातेस? भाची आणि जावईबापू मजेत असतील. इकडे माझी तब्येत उत्तम आहे आणि तुझ्या अंगणातले गुलाबही उत्तम आहेत. थंडी सरली, तळ्याकाठच्या झाडांना पालवी फुटली आणि गावातला प्रत्येक माणूस काही ना काही घासतोय, रंगवतोय किंवा उन्हात वाळत घालतोय. पत्राला दोन वर्षं उशीर झाला याचं कारण तुला ठाऊक आहेच. लेकीकडे आठ दिवस जाऊन येते म्हणालीस आणि गेलीस ती गेलीसच. तू रागावली आहेस म्हणून मी लिहीत नव्हतो आणि मी लिहीत नाही म्हणून तू आणखी रागावत होतीस, असं दोन्ही बाजूंनी अगदी व्यवस्थित चाललं होतं.

काल सोमवारी सकाळी एक दलाल मोजायची फीत घेऊन आला आणि तुझ्या घराचं माप घेऊ लागला. जावईबापूंनी पाठवलंय म्हणाला. त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. घर तुझं आहे, तू ते विक, भाड्याने दे, नाहीतर तसंच ठेव, भिंतीपलीकडे राहणाऱ्या भावाला विचारायची काय गरज? (किल्ली मिळेना म्हणून त्याने घर बाहेरूनच मोजलं आणि खिडकीच्या काचेला नाक लावून स्वयंपाकघराचा अंदाज घेतला. नाकाचा ठसा अजून काचेवर आहे. मी पुसलेला नाही.) तेव्हा तो विषय बंद. मी फक्त गावच्या बातम्या कळवायला बसलोय.

बातम्या म्हटलं की आपला बोर्ड आला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मी तो लिहितोय, आणि अक्षर चांगलं आहे यापलीकडे त्यासाठी माझ्या अंगी कुठलीही पात्रता नाही हे तूच पहिल्या दिवशी म्हणाली होतीस. पण त्या बोर्डाची एक गोष्ट मी तुलाही कधी सांगितली नाही. रविवारी सकाळी सगळं गाव पाव घ्यायला बेकरीत येतं आणि बोर्ड बेकरीच्या भिंतीला टांगलेला, म्हणून तो शनिवारी दुपारीच लिहून तयार लागतो. आता पंचाईत अशी की आपल्या गावात जे काही घडतं ते रविवारी दुपारी. सभा रविवारी, प्रदर्शन रविवारी, तळ्याची सफाई रविवारी. मग आठवडाभराची शिळी बातमी कोण वाचणार? म्हणून मी रविवारी होणाऱ्या गोष्टी शनिवारीच 'झाल्या' म्हणून लिहून टाकायला लागलो. 'सभा खेळीमेळीत पार पडली, अध्यक्षांनी आभार मानले.' दरवर्षी तेच होत असल्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी सकाळी वाचलं त्यांना वाटायचं, मास्तरांनी गेल्या वर्षीचं पुसलं नसेल, आणि ज्यांनी संध्याकाळी वाचलं त्यांना वाटायचं, मास्तर किती तत्पर.

या वर्षी मात्र घात झाला. चार रविवारांपूर्वी वसंतातली सफाईची सभा होती. शनिवारी बोर्ड लिहिताना खाली दोन ओळींची जागा उरली, आणि रिकामी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. मी लिहून टाकलं, 'लोहाराच्या सूचनेवरून तळ्याकाठची बाकं हिरवी रंगवण्याचं एकमताने ठरलं.' लोहाराने उभ्या आयुष्यात कुठल्या सभेत तोंड उघडलेलं नाही. पण रविवारी सकाळी त्याने पाव घेता घेता ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि घरी जाऊन थेट रंगाचा डबा काढला. बाकीच्यांनी वाचलं की सभा पार पडली, सगळं एकमताने ठरलं, मग कशाला जायचं म्हणून कोणी फिरकलंच नाही. अध्यक्ष वाचनालयाच्या दालनात घंटा घेऊन एकटेच तासभर बसले. तासाने बाहेर आले, बोर्ड वाचला, आणि त्यावरून पाहून इतिवृत्त लिहून मोकळे झाले. बाहेर बाकं हिरवी होऊन वाळत होती. संध्याकाळपर्यंत चौघांच्या पँटी आणि शाळेच्या बाईंची नवी साडी हिरवी झाली, पण ठराव एकमताचा असल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची ते कोणाला कळेना.

त्या दिवसापासून गावाला कळलं की बोर्डावर लिहिलेलं होतं. ताई, तू पाहायला हवं होतंस. शनिवारी सकाळपासून माझ्या दारात रांग. शाळेच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, सुताराने छप्पर दुरुस्त केलं असं लिहा. (सुतार तीन वर्षं 'पुढच्या आठवड्यात' छप्पर दुरुस्त करतोय.) लिहिलं. रविवारी सुताराने ते वाचलं आणि लोक त्याला शाबासकी द्यायला लागले. बिचारा 'हो हो, त्यात काय' करत मागच्या मागे सटकला आणि दुपारी छपरावर दिसला. शिंपी आला, खोकला गेल्याचं लिहा म्हणाला. लिहिलं, आणि बोर्ड खोटा पडू नये म्हणून गेले दोन आठवडे तो खोकला आला की दुकानाच्या आत जाऊन, कापडाच्या ठाणात तोंड खुपसून खोकतो. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे.

माझ्याही डोक्यात हवा गेली, खोटं कशाला बोलू? बेकरीवाल्या काकू आणि लोहार यांचा अबोला तुला माहीत आहे. त्याने केलेल्या पत्र्यामुळे त्यांचा पाव एका बाजूने करपतो यावरून सुरू झालेला, सहा वर्षांचा. मी एका शनिवारी कोणालाही न विचारता लिहिलं, 'बेकरीवाल्या काकू व लोहार यांनी अबोला सोडला.' काकू कणकेच्या हातांनी माझ्याकडे आल्या आणि मला जे बोलल्या ते लिहायला या पत्राला जागा पुरणार नाही. मग तशाच तडक लोहाराकडे गेल्या आणि त्याला ठणकावून सांगितलं की हे खोटं आहे, मी तुझ्याशी बोलत नाही. तो म्हणाला, मी तरी कुठे बोलतोय. यावर दोघांचं अर्धा तास बोलणं झालं. आता पत्रा नवीन आहे आणि पाव दोन्ही बाजूंनी सारखा भाजतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी थोडा थोडा करपतो.

फक्त हवामानाच्या बाबतीत माझी फजिती झाली. गेल्याच्या आधीच्या रविवारी मी 'दिवसभर लख्ख ऊन पडलं' असं लिहिलं होतं. झाडून सगळ्या गावाने गाद्या, दुलया, उशा बाहेर काढल्या आणि अध्यक्षांनी तर स्वतःचा सदऱ्यांचा पेटारा अंगणात रिकामा केला. तीन वाजता अशी सर आली की दुलया उचलायला दोघं-दोघं लागली. मी दार लावून बसलो होतो, म्हटलं आता लोक बोर्डासकट मला तळ्यात टाकणार. पण नाही. संध्याकाळी बेकरीपाशी सगळे पावसालाच नावं ठेवत होते, बोर्डावर इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना पडतो म्हणजे काय, असं. तेव्हा मात्र ताई, मला हसू आलं नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो फुलांच्या प्रदर्शनाचा रविवार आठवला.

ती भीती खरी निघाली ती न्हाव्याच्या खुर्चीत. त्यानंतरच्या बुधवारी दाढीला गेलो होतो. त्याच्या आरशाखालच्या फळीवर फुलांच्या प्रदर्शनातला तो पहिल्या क्रमांकाचा पेला असतो, तुझ्या डोळ्यांसमोरून उचलून नेलेला. बघतो तर पेल्याचं तोंड भिंतीकडे. का रे असा, म्हणून विचारलं. त्याने वस्तरा माझ्या गळ्यापाशीच थांबवला आणि म्हणाला, "मास्तर, त्या वर्षी माझे गुलाब फुललेच नव्हते. कुंडीत नुसत्या कळ्या होत्या."

वस्तरा गळ्याशी असताना माणूस फारसा वाद घालत नाही, म्हणून मी ऐकत राहिलो. त्याने सकाळी बोर्डावर वाचलं की पहिला क्रमांक त्याचा. त्याला वाटलं, मास्तरांनी लिहिलंय म्हणजे कळ्या पाहूनच देत असतील. परीक्षकांनी आत येता येता तोच बोर्ड वाचला आणि त्यांना वाटलं, अध्यक्षांनी आधीच ठरवलेलं दिसतंय, कशाला वाईटपणा घ्या. अध्यक्षांना वाटलं, परीक्षकांचाच निर्णय. सगळ्या गावाला एकमेकांचं काहीतरी वाटलं आणि तुझ्या टेबलापाशी कोणी थांबलंच नाही. तुला सकाळचा पाव मी आणून देत असे, म्हणून बोर्ड तू संध्याकाळी वाचलास, आणि तुला वाटलं की निकाल परीक्षकांचा आणि मी तो नुसता ठसठशीत अक्षरात मिरवला.

तर आता लिहितोच. निकाल माझा होता. शनिवारी दुपारी, सावलीत स्टुलावर उभं राहून, एकही फूल न बघता मी तो लिहिला. तुझे गुलाब पाहायची मला गरजच वाटली नाही, गावात पहिले तेच हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर दुसरा लिहिला. सख्ख्या बहिणीला पहिला दिला तर लोक काय म्हणतील ही धास्ती. लोक काही म्हणाले नाहीत. तू मात्र मंगळवारच्या बसने गेलीस, मी भिंतीआड उभा राहून बसचा आवाज ऐकला आणि बाहेर आलो नाही. याबद्दल तू मला काय हवं ते बोल. अकरा वर्षं सगळ्या गावाचं झालेलं-न झालेलं लिहिलं, पण 'चुकलो' एवढा एक शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली. चुकलो, ताई.

बाकी सर्व क्षेम. येत्या रविवारी फुलांचं प्रदर्शन आहे. न्हावी पेला घासूनपुसून वाचनालयात परत देऊन गेला. आज मंगळवार, पत्र तुला गुरुवारी मिळावं. भाचीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार (दलालाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही हे त्यांना आवर्जून सांग).

तुझा,
धाकटा

ता. क. — एक सांगायचं राहिलं. या वेळचा बोर्ड मी शनिवारची वाट न पाहता कालच लिहिला. दलाल बेकरीत चहा पीत होता तेवढ्यात लिहून झाला. त्यावर असं आहे: 'ताई रविवारी सकाळच्या बसने परत आल्या. घर विकायचा विचार त्यांनी सोडून दिला. फुलांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. पहिला क्रमांक:' यापुढची जागा कोरी ठेवली आहे, या वर्षी मी निकालात पडणार नाही. दलालाने बाहेर येऊन ते वाचलं आणि काकूंना विचारलं की त्या खरंच येणार आहेत का. काकू म्हणाल्या, "येणार काय, आल्या. बोर्डावर आहे ना." त्याने फीत गुंडाळली आणि गेला. आता गाव कामाला लागलंय. सुताराने तुझ्या फाटकाला तेल दिलं, लोहाराने उरलेल्या रंगात ते हिरवं केलं (टेकू नकोस), काकू केक करणार आहेत आणि अध्यक्षांचं स्वागताचं भाषण चार पानं झालंय. ते न वाचताच राहिलं तर माझी धडगत नाही.

ता. क. २ — किल्ली हरवली असं मी दलालाला सांगितलं होतं. ती माझ्या चहाच्या डब्यात आहे.

ता. क. ३ — सुरुवातीला मी माझी तब्येत आणि तुझे गुलाब दोन्ही उत्तम असल्याचं लिहिलं आहे. तेही बोर्डासारखंच वाच. आधी लिहिलंय, तू आलीस की खरं होईल.