रूपा इंग्रजीत बोलली

१ डिसेंबर, सोमवार
सगळ्यांचे वडील शेतकरी! नववीला आज आपापली ओळख करून द्यायला सांगितली. ‘माय फादर इज अ फार्मर’ – गाईडमधलं वाक्य, एकोणचाळीस वेळा. विधीनेही तेच म्हटलं. तिच्या वडिलांचं पिंपळनेरात कापडाचं दुकान, मीच तिथून साड्या घेते. डोकंच फिरलं.
उद्यापासून शेवटची दहा मिनिटं गप्पा. नियम एकच – ज्याचं उत्तर खरंच माहीत नाही तेच शेजारणीला विचारायचं. मोडकं इंग्रजी चालेल, घोकलेलं नको.

३ डिसेंबर, बुधवार
दहा मिनिटं स्मशानशांतता.

५ डिसेंबर, शुक्रवार
बाकं बदलली. दुकानदारांच्या मुली पुढे, मळ्यातल्या मागे – पाचवीपासून असंच बसतात, आणि हे माझ्या आज लक्षात यावं! विधीला रूपाशेजारी बसवलं. रूपा वर्षभरात माझ्या तासाला तोंड उघडून बोललेली नाही. तिच्याकडून एक तरी वाक्य काढायचंच.
गणिताचे हितेंद्र सर म्हणाले, “मॅडम, पोर्शन कोण संपवणार?” हसून सोडून दिलं. अख्ख्या शाळेचा भार यांच्याच डोक्यावर.

९ डिसेंबर, मंगळवार
बोलली! विधीने विचारलं, रविवारी काय केलंस. रूपा उभी राहिली, विधीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली – ‘संडे गेस्ट कम. आय गिव्ह टी. मदर हॅपी. आय नो हॅपी.’
चार वाक्यं, सलग! मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मुलींनी जरा कमीच वाजवल्या, म्हणून पुन्हा वाजवून घेतल्या. आज जेवण गोड लागलं.

११ डिसेंबर, गुरुवार
रूपा काल नाही, आज नाही. मला राग आला – आता कुठे बोलायला लागली, तर दांड्या. मधल्या सुट्टीत विधी आली. “मॅडम, ते पाहुणे तिला बघायला आलेले. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं.”
चौदा वर्षांची पोर. मी स्वतः तीन वेळा तो चहाचा ट्रे धरून उभी राहिले आहे. तरी वाक्यं मोजत बसले. लाज वाटते.

१२ डिसेंबर, शुक्रवार
रूपाच्या घरी गेले. तिची आई लताबाई ओट्यावर शेंगा निवडत होती. मी कायद्याचं बोलले, वयाचं बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दोन दिन नहीच म्हनी ऱ्हायनी व्हती. मंगळवारले शाळातून उनी आनि हा म्हनी. म्हने, मॅडमनी टाया वाजाड्यात.”
मी रूपाला हाक मारली. रूपा आतच होती, बाहेर आली नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर पुन्हा गेले. विधी आणि वर्गातल्या सहा जणी न सांगता मागोमाग आल्या. ओट्यावर मावेनात. त्यांना बघून रूपा बाहेर आली. रूपाला म्हटलं, चुकले मी, त्या दिवशी ऐकलंच नाही, आता सांग. ती आईकडे वळली. “मले लगीन नही करनं.”
लताबाईने विचारलं, “तुना बापना म्होरेबी असंच बोलशी का?”
रूपाने मागे पाहिलं. सगळ्या होत्या.
“बोलसू.”