बारक्याचे दात

१२ सप्टेंबर, सोमवार

बारक्या चावला. बालवाडीत, एका मुलीला, दंडाला. दुपारी नवऱ्याचा लॅबमध्ये फोन आला तेव्हा माझ्या हातात कवळीचं गरम मेण होतं, सोडता येईना. फोन खांद्यात धरून ऐकलं. "बालवाडीच्या बाई खूप काही बोलल्या. मला दोनच शब्द कळले, 'तुमचा मुलगा'. पुढचं त्यांनी स्वतःच्या हाताला दात लावून दाखवलं."

आधी हसू आलं. मग मेण पुन्हा गरम करायला ठेवलं.

घरी आल्यावर बारक्याला समोर बसवलं. का चावलास? तर म्हणतो, "भूक लागली म्हणून नाही." एवढंच. चार वर्षांच्या माणसाकडून याहून जास्त कबुलीजबाब मिळत नाही. त्याची ताई टेबलाशी गृहपाठ करत होती, मान वर केली नाही. सात वर्षांची आहे, पण त्या पोरीची काडीची काळजी करावी लागत नाही. मार्चमध्ये आम्ही या देशात आलो, दुसऱ्या आठवड्यात ती शाळेत जायला लागली, तेव्हापासून एक तक्रार नाही. बारक्याला जागा मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडला. आणि मिळाली तर हे.

१३ सप्टेंबर, मंगळवार

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "तूही चावायचीस लहानपणी." धादांत खोटं.

१५ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा. तीच मुलगी.

आज मीच गेले होते आणायला. बाईंनी तिची बाही वर करून दाखवली. वरचे चार, खालचे चार, उजवीकडचा सुळा किंचित आत वळलेला. दिवसभर मी लोकांच्या दातांचे साचे हाताळते. शंभर साच्यांतून हा उचलून काढला असता. आळ घेताय का, असं विचारायचीही सोय नाही. माझ्याच पोराची सही होती ती.

मुलगी रडत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती, आता हीसुद्धा चावते की काय म्हणून.

जेवताना नवरा म्हणाला, "आई दात बनवते, पोरगा दात लावतो. घरचा धंदा आहे." मी हसले नाही. भांडी घासताना हसले.

१९ सप्टेंबर, सोमवार

बारक्याच्या दप्तरात चिठ्ठी आली. ताईनं वाचून दाखवली, एकेका शब्दावर बोट ठेवून. शुक्रवारी दोघांनी भेटायला यावं. त्या मुलीची आईपण असेल. "मुलाच्या जागेबद्दल बोलायचे आहे." हे वाक्य तिनं दोनदा वाचलं. मग विचारलं, "जागेबद्दल म्हणजे काय गं?" म्हटलं, कुठे बसायचं ते.

कुठे बसायचं ते नाही. राहायचं की जायचं ते.

इथे लिहून टाकते, म्हणजे डोक्यात गरगरणार नाही. बारक्या दिवसभर बालवाडीत असतो म्हणून नवऱ्याला भाषेच्या वर्गाला जाता येतं. वर्गाला गेला तरच ऑक्टोबरच्या परीक्षेला बसू देतात. परीक्षा पास झाला तरच जमीन-मोजणीच्या ऑफिसात नोकरी. त्यांनी तोंडी कबूल केलंय, पण परीक्षेनंतर. तिकडे बारा वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या त्यानं. इथे सहा महिने घर मोजतोय. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. तोंडानं कधी बोलत नाही, पण दाढी करायला विसरायला लागलाय. बारक्याची जागा गेली तर पुढच्या वर्षापर्यंत दुसरी नाही.

म्हणजे एका पोराच्या आठ दातांवर आमचा अख्खा संसार टांगलेला आहे.

२० सप्टेंबर, मंगळवार

आज हात उगारला. तिसऱ्यांदा चावला म्हणून. मारलं नाही. पण त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले, ते मी पाहिलं. मारल्यासारखंच झालं.

ताई मध्ये येऊन उभी राहिली. "त्याला नको मारू. त्याची चूक नाहीये."

"मग कोणाची?"

ती दात घासायला गेली. भावाची बाजू घेते, चांगलंच आहे म्हणा.

२२ सप्टेंबर, गुरुवार

शेजारच्या बाकावर जे आजोबा बसतात (पुढच्या वर्षी निवृत्त होतील, दातांना रंग देण्यात त्यांचा हात धरणारा लॅबमध्ये कुणी नाही) त्यांनी विचारलं, आज चेहरा का असा. मला इथली भाषा कामापुरती येते. दात, हिरडी, साचा, घट्ट, सैल, उद्या देते. तेवढ्याच शब्दांत बसवून सांगितलं. तक्रार सांगायला बरेचसे शब्द पुरले, हे विशेष.

ते कुंचला पुसत म्हणाले, "त्याच्या तोंडात सध्या दातच आहेत. दुसरं काही द्या."

मी म्हटलं, गाजर देऊन पाहिलं.

"गाजर नाही," म्हणाले. "शब्द."

२३ सप्टेंबर, शुक्रवार

भेट झाली. सगळं क्रमानं लिहिते.

बालवाडीतल्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही चार मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. मी दोन दिवस पाठ केलेलं वाक्य म्हटलं: आम्हाला फार वाईट वाटतं, आम्ही माफी मागतो. नवऱ्यानंही तेच म्हटलं, जरा वेगळ्या व्याकरणात.

मुलीची आई शहराची बस चालवते. गणवेशातच आली होती, आडव्या अंगाची, हातात किल्ल्यांचा जुडगा. मला वाटलं, आता ही फैलावर घेणार. तिनं घेतलंही, पण बाईंना. हळूहळू बोलत होती, आम्हाला कळावं म्हणून. "माझी मुलगी ढकलते. मला माहीत आहे. घरी भावाला ढकलते, मांजराला ढकलते. मी रोज बसमध्ये बघते, ओरडतो एक आणि ढकललेलं असतं दुसऱ्यानं. चावायच्या आधी काय झालं, ते कुणी पाहिलं?"

बाई लाल झाल्या. म्हणाल्या, वीस मुलं आहेत, एकटी आहे, घसरगुंडीच्या रांगेत सगळीच ढकलतात. बारक्याला काही बोलता येत नाही, म्हणून तो...

"म्हणून तो दातांनी बोलतो," बसवाली म्हणाली, आणि स्वतःच्या दंडावर टिचकी मारली.

मग ठरलं. दोन आठवडे बघायचं. बाई रांगेपाशी उभ्या राहतील. आम्ही त्याला एक शब्द शिकवायचा. एकच. 'थांब'. हात पुढे करायचा आणि म्हणायचा. दोन आठवड्यांत जमलं नाही तर जागा सोडायची.

निघताना बसवाली मला म्हणाली, "तुमच्या मुलाचे दात चांगले आहेत हो. मजबूत." कशी नाही म्हणणार.

रस्त्यावर आल्यावर नवरा कठड्यावर बसला. मग मीही बसले. बारक्या दोघांच्या मध्ये बसून पाय हलवत होता.

२५ सप्टेंबर, रविवार

इथल्या भाषेतला 'थांब' तोंडाला जड आहे. शेवटी घशात खरवडावं लागतं. नवऱ्याला वर्गात अजून नीट जमत नाही. ताईला जमतो. म्हणून मास्तरीण तीच.

बैठकीच्या खोलीत रांग लावली. पुढे बारक्या, मागे मी, माझ्या मागे नवरा. मी ढकलायचं, त्यानं वळायचं, हात पुढे करून म्हणायचं. पहिल्यांदा चावायलाच आला. दुसऱ्यांदा हात पुढे केला आणि शब्द विसरला. तिसऱ्यांदा शब्द म्हटला आणि मग चावला. "दोन्ही नाही रे," ताई म्हणाली, "एकच." कमरेवर हात ठेवून उभी होती. मग मला बाजूला केलं आणि त्याच्यासमोर स्वतः करून दाखवलं. हात असा सरळ, पंजा उघडा, हनुवटी वर. "मोठ्यांदा. घाबरल्यासारखं नाही." बराच वेळ दोघांचं चाललं होतं. मी भात टाकायला उठले तरी चालूच.

संध्याकाळपर्यंत तो कुकरच्या शिट्टीला थांब म्हणत होता. ती थांबली नाही, पण त्याची काही हरकत दिसली नाही.

२६ सप्टेंबर, सोमवार

आज नाही.

२७ सप्टेंबर, मंगळवार

आज नाही. वही आलीय आता, बाई रोज एक ओळ लिहून देतात. लॅबमध्ये एक साचा उलटा ओतला मी. आजोबांनी कुणाला कळायच्या आत दुरुस्त केला.

२९ सप्टेंबर, गुरुवार

चावला. वहीच्या पुठ्ठ्याला. बाईंनी लिहिलंय, हे धरणार नाही. देव भलं करो त्यांचं.

३ ऑक्टोबर, सोमवार

आज कुंपणापलीकडून डोळ्यांनी पाहिलं. आजोबांनी तासभर लवकर सोडवलं मला, मालकिणीला स्वतः सांगून.

घसरगुंडीची रांग होती. बारक्या तिसरा. मागे ती मुलगी, तिच्या मागे एक धिप्पाड पोरगा. त्यानं मुलीला ढकललं, मुलगी बारक्यावर आदळली. बारक्या वळला. मी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. त्याचं तोंड उघडलं, आणि त्यानं हात पुढे केला. असा सरळ. आणि म्हटलं! घशातल्या खरखरीसकट. मुलीला नाही, तिच्या मागच्या धिप्पाडाला.

रांग थांबली. तो धिप्पाड पोरगा दोन पावलं मागे गेला. मुलगी बारक्याकडे बघत राहिली आणि मग तिनंही हात पुढे केला, त्या पोराकडे, आणि तीही म्हणाली. मग दोघं वर चढले आणि घसरले. जणू काही झालंच नाही.

मी तिथेच खाली बसले. बाई धावत आल्या, बरं वाटत नाहीये का? मनात म्हटलं, बरंच वाटतंय. याला इथल्या भाषेत काय म्हणतात ते मला येत नाही. डोळे पुसले आणि अंगठा वर केला.

६ ऑक्टोबर, गुरुवार

बाईंनी वहीत लिहिलंय की आता वही नको. जागा पक्की.

ती मुलगी शनिवारी खेळायला येणार आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पाठवते, म्हणाली तिची आई. विनोद करत होती. बहुतेक.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरा परीक्षा पास! लेखी काठावर, तोंडी चांगली. तोंडी परीक्षेत विचारलं, घरच्यांबद्दल काही सांगा. यानं बारक्याच्या चाव्यांची सगळी हकीकत सांगितली, हात पुढे करून दाखवण्यासकट. परीक्षक पोट धरून हसला म्हणे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मोजणी ऑफिसात हजर व्हायचं. आल्या आल्या त्यानं टेप काढला आणि दोन्ही पोरांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडली. भाड्याचं घर आहे, घरमालकीण ओरडेल. ओरडू दे.

किती दिवसांनी जेवताना चव लागली.

९ ऑक्टोबर, रविवार

वेणी घालताना ताईनं विचारलं, "आई, बारक्या आता चावणार नाही ना?"

"नाही बहुतेक."

"मग सांगू? रागावणार नाहीस?"

तिनंच शिकवलं होतं. त्याच्या पहिल्या दिवशी, फाटकापाशी. कुणी ढकललं तर चाव. कारण मार्चपासून तिला ढकलत होत्या, वर्गातल्या दोघीजणी, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी, रोज. "मला चावायचं सुचलंच नाही," म्हणाली. "म्हणून त्याला आधीच सांगून ठेवलं."

मी विचारलं, अजून ढकलतात?

"नाही. मंगळवारी मी हात पुढे केला आणि म्हटलं, मोठ्यांदा. थांबल्या."

वेणी झाली होती. ती सोडली आणि पुन्हा घातली, हळूहळू. तिनं घालू दिली.