विहीरवालीची हाक

जव्हार,
९ नोव्हेंबर

प्रिय जयाताई,

नमस्कार. तू, भावोजी, वर्षा आणि तुझ्या सासूबाई खुशाल असाल. इकडे थंडी सुरू झाली. आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी तिची तब्येत चांगली आहे. माझी शाळा सुट्टीनंतर उघडली आणि पोरांना अजून सुट्टीतच असल्यासारखं वाटतंय.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर आईचं नाव निघालं की तुझ्या कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारावर कोणीतरी येतं. कागदाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

ताई, ‘धुकेरी’बद्दल लिहायचं आहे. पत्र खाली ठेवू नकोस.

तू नऊ वर्षांची होतीस, मी चार. जव्हारच्या कड्यावरच्या त्या बंगल्यात मुंबईची मंडळी ‘धुकेरी’ या भुताच्या मालिकेचं शूटिंग करायला आली आणि पाणी भरायला आपल्या पाड्यावरच्या बायका नेल्या. भूत झालेली नटी तापाने पडली. आई उंच, तिचे केस कमरेखाली, म्हणून तिलाच पांढरी साडी नेसवून विहिरीच्या काठावर उभी केली. पुढे दर शुक्रवारी अख्खा महाराष्ट्र तिला बघून गोधडीत शिरत होता. मालिकेत तिचं नाव कुठेच नाही. लोक तिला ‘विहीरवाली’ म्हणायचे.

तर आता ऐक. मोबाइलवर ‘धुकेरीचे वेडे’ असा एक ग्रुप आहे. हजारो माणसं आहेत. नाशिकचे धनेश म्हणून एक प्राध्यापक तो चालवतात. कोणाच्या तरी माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटींवरून त्यांनी जुने भाग उतरवून घेतलेत. चित्र पावसात भिजल्यासारखं दिसतं, तरी लोक जीव टाकतात. मी वर्षभर गुपचूप वाचतेय. काय भांडतात म्हणून सांगू! मालिकेतले ठाकूरसाहेब माणूस होते की आधीच मेलेले होते, यावर एकदा आठवडाभर वाद चालला. तिसऱ्या भागात तळघराची दगडी भिंत हलते, कारण ती पुठ्ठ्याची आहे. तर एक बाई म्हणाल्या, भिंत हलते म्हणूनच मला जास्त भीती वाटते. एका प्रसंगात आरशात कॅमेरावाला दिसतो. त्यालाही त्यांनी भूत ठरवून नाव ठेवलंय.

पण सगळ्यात जास्त बोलतात ते विहीरवालीबद्दल. ती हाक मारते ना, लांब, दरीभर घुमणारी, त्या हाकेत शब्द कोणता? कोणी म्हणतं ‘ये’, कोणी म्हणतं ‘जा’. एक गृहस्थ म्हणतात तो संस्कृत मंत्र आहे. आणि ती बाई कोण होती? शूटिंगमध्येच विहिरीत पडून मेली, असं एकाने लिहिलं. खाली शेकडो लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली.

ते वाचून माझ्याने राहवलं नाही. मी लिहिलं, “ती सकू भोये. माझी आई. जिवंत आहे. आज सकाळी तिने नागलीच्या भाकऱ्या केल्या, त्यातली एक करपली म्हणून मला शिव्या घातल्या.”

दुसऱ्या दिवशी धनेश सर स्वतः जव्हारला आले. आईला बघितलं आणि पायाच पडले. डिसेंबरात सगळे वेडे त्या बंगल्यावर जमणार आहेत, आईने यावं म्हणतात. आई एवढंच म्हणाली, “जयाला विचार. तिचं वाटोळं झालं त्यात. ती हो म्हणाली तर जाईन.”

म्हणून विचारतेय. उत्तर लिही.

तुझी,
ममता

*

ठाणे,
१८ नोव्हेंबर

प्रिय ममता,

पत्र मिळालं. आम्ही सगळे ठीक.

माझं उत्तर नाही असं आहे. तू चार वर्षांची होतीस, तुला गंमत आठवते. मला त्यानंतरचं वर्ष आठवतं. पाड्यावर पोरं दगावत होती. शेजारच्या पुंजाचा धाकटा गेला तेव्हा त्याने आपल्या दारात उभं राहून आईला भुताळी म्हटलं, पोरं खाणारी चेटकीण. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय, म्हणाला, ही तीच आहे. डोक्यावर भांडी घेऊन आपण तिघी जव्हारपर्यंत चालत आलो. पुढे माझं लग्न ठरलं होतं ते कशावरून मोडलं, तेही तुला माहीत आहे. “त्या विहीरवालीची पोरगी.”

इथे मी सांगितलंय की माझी आई मी लहान असतानाच वारली आणि मला माहेर नाही. माझ्या लेकीला, वर्षालाही तेच माहीत आहे. वीस वर्षं मी हे सांभाळलंय. आता पेपरात फोटो आला तर मी काय तोंड दाखवू?

आईला हे शब्द वाचून दाखवू नकोस. माझी तब्येत बरी नाही, एवढंच सांग.

तुझी ताई,
जयश्री

*

जव्हार,
१६ डिसेंबर

प्रिय जयाताई,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते.

तू सांगितलंस ते मी ऐकलं नाही. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आजवर तुझ्यासाठी तिच्याशी पुष्कळ खोटं बोलले, पण ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पूर्ण ऐकून घेतलं. रडली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, “तिला तिच्या घरात मी मेलेली पाहिजे, तर असू दे. तिचा संसार हाय. पण मी जिती हाय, ते मला तरी कळू दे. जाऊ आपण.”

आणि आम्ही गेलो, ताई.

काल रविवारी दुपारी बंगल्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठून कुठून माणसं आलेली. काही जणी ठाकूरसाहेबांच्या बहिणीसारखी काळी शाल पांघरून आल्या होत्या. एका आजोबांनी पुठ्ठ्याची भिंत करून आणली होती आणि ती हलवून दाखवत होते. मी आईचा हात धरून फाटकातून आत आले. तिने निळं लुगडं नेसलं होतं, केसांचा घट्ट अंबाडा. आधी कोणी ओळखलं नाही. मग एका बाईने नुसतं “अगं बाई” म्हटलं आणि सगळे बाजूला झाले. विहिरीपर्यंत वाट मोकळी झाली. कोणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण उभा राहिला, एवढंच.

धनेश सरांनी तिला खुर्चीवर बसवलं, शाल दिली, माइक हातात दिला. विचारलं, “सकूबाई, एवढी वर्षं आम्ही भांडतोय. त्या हाकेत तुम्ही म्हणता तरी काय?”

आई मला म्हणाली, “हा माइक ऐकतो का?” सगळे हसले. मग ती बोलायला लागली.

“साहेब बोलला, दरीकडे बघून कोणालातरी हाक मार. कोणाला मारू? माझी मोठी पोर सकाळपासून करवंदीच्या जाळीत गेलेली. ऊन चढलेलं, पोटात काय नाय तिच्या. मी तिलाच हाक मारली. जयेऽऽ. नाव होतं ते. जया माझी पोर.”

ताई, मला हे माहीत नव्हतं. तुलाही नसणार. तिने कधी सांगितलंच नाही. ज्या हाकेवरून तुझं लग्न मोडलं, ती तुला जेवायला घरी बोलावण्याची होती.

माझ्या शेजारचे उंचेपुरे गृहस्थ, तेच संस्कृत मंत्रवाले, चष्मा काढून डोळे पुसत होते.

तेवढ्यात मागे गलका झाला. आपल्या पाड्यावरची जीप आली होती. मी कोणाला बोलावलं नव्हतं. चैती, म्हणजे पुंजाची सून, तिने मोबाइलवर ग्रुप बघितला आणि बायका गोळा करून आणल्या. आणि त्यांच्यामध्ये काठी टेकत पुंजा. पार वाळलाय आता. मी आईच्या पुढे जाऊन उभी राहिले, तर तिने मला हाताने बाजूला केलं.

“पुंजा, ये,” ती माइकवरच म्हणाली. “घाबरतोस का अजून?”

तो पुढे आला. चैती म्हणाली, “मामा, कशाला आलात ते सांगा.”

“साल वाईट होतं,” तो म्हणाला. “पोराला ताप होता, अंगात रगत नव्हतं. खायला नव्हतं काय. दवाखान्यात न्यायचं तर गाडी नाय. कोणाला बोलू? सरकारला बोलायला तोंड नव्हतं. तुला बोललो.” मग सगळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, “सकू भुताळी नव्हती. मी बोललो ते खोटं होतं. मी पाड्यासमोर बोललो होतो, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलतो.”

मला वाटलं आई ओरडेल. ओरडायचा हक्क होता तिला. ती खुर्चीवरून उठली, गुडघा धरत त्याच्यापाशी गेली. “तुझा गणू माझ्याच मांडीवर जेवायचा,” ती म्हणाली. “तो गेला तेव्हा मला रडूपण दिलं नाय तुम्ही.” आणि मग ती रडली. एवढ्या वर्षांनी, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही, त्या पोरासाठी. पुंजाही रडला. चैतीने दोघांना धरून उभं केलं.

लगेच मागून एक मुलगा ओरडला, “सकूबाई, एकदा! एकदा हाक!” आणि सगळं आवार तेच म्हणायला लागलं. आईने डोळे पुसले. अंबाडा सोडला. केस पांढरे झालेत, ताई, पण लांबी तेवढीच. विहिरीच्या कठड्याला हात टेकून तिने दरीकडे तोंड केलं.

तो आवाज जसाच्या तसा आहे. त्याला वय झालेलंच नाही. दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर आपटला आणि परत आला. मग जो जल्लोष झाला! काळ्या शाली उडाल्या, आजोबांची भिंत पडली, पाड्यावरच्या बायकांनी तिथेच फेर धरला. आई मधोमध उभी राहून हसत होती. मी तिला असं हसताना याआधी पाहिलेलं नाही. सही मागायला रांग लागली. तिला लिहिता येत नाही म्हणून ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होती. ते लोकांना जास्त आवडलं.

आता जे लिहायचं मी पुढे पुढे ढकलतेय ते लिहिते.

त्या रांगेत एक मुलगी होती. पाठीला कॉलेजची बॅग. आईपाशी पोचल्यावर तिने डोकं पुढे केलं नाही. म्हणाली, “आजी, मला एक विचारायचंय. माझी आई दुपारी एकटी असली की मोबाइलवर तुमचाच भाग लावते. तेवढाच तुकडा, हाकेचा. पुन्हा पुन्हा लावते आणि रडते. मी विचारलं तर सांगत नाही. का रडत असेल ती?”

आईने विचारलं, “तुझ्या आईचं नाव काय?”

ती म्हणाली, “जयश्री.” आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. तिचा चेहरा मी बघत होते, ताई. थोड्या वेळापूर्वी तिथेच उभी राहून तिने ते नाव ऐकलं होतं.

वर्षाचं कपाळ थेट आईचं आहे. फोटोत ते कळत नाही.

ती रागावलेली नाही. आधी खूप प्रश्न विचारले, मग दोन भाकऱ्या खाल्ल्या. तुला सांगून आलेली नाही. आठवडाभर मैत्रिणीकडे राहायला गेलीय असं तुला वाटतंय. ओरडू नकोस तिला. काल संध्याकाळी चैतीच्या जीपमधून आम्ही पाड्यावर गेलो. आपल्या घराच्या जागी आता तुरीचं वावर आहे. पुंजाने आईला स्वतःच्या ओट्यावर, सगळ्यांच्या आधी पाणी दिलं. वर्षाने त्याचे फोटो काढले. ते कुठेही टाकणार नाही, आधी आईला दाखवीन, असं म्हणाली. आई म्हणजे तू.

तू तो तुकडा बघतेस हे मला कळलं, आणि तुझ्यावरचा माझा सगळा राग ओसरला. तू आम्हाला सोडून गेलीस असं मी समजत होते.

आईला मी म्हटलं, ताईला इथे बोलावू या. ती म्हणाली, “नको. तिला किती लांब चालवलं मी, डोक्यावर भांडी देऊन. आता मी जाते.” शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही तिघी ठाण्याला निघतोय. हे पत्र त्याआधी तुला मिळेल. सासूबाईंना काय सांगायचं ते ठरवायला तेवढा वेळ पुरेल. काही सुचलं नाही तर काही सांगू नकोस. आई स्वतःच सांगेल. आता तिला माइक लागत नाही.

भात थोडा जास्त टाक.

सकू भोये हिची धाकटी लेक, आणि तुझी बहीण,
ममता