दुपारची काडी

आई, तू गेल्याला बरीच वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुला लिहायला बसलेय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आहे, समोरचा चहा गार झालाय. लिहायला बसायचं कारण चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझं काम तुला कधी धड सांगितलं नाही. तू विचारायचीस, मी "कंपनीत आहे" म्हणून उडवून लावायचे. आमच्याकडे एक मशीन प्लास्टिकसारख्या मालाचे थरावर थर छापून वीतभर पट्टी बनवतं. ती भट्टीत गरम करायची, मऊ झाली की घडी घालायची आणि तशीच दाबून गार करायची. मग ती घडी धरून राहते. अंतराळयानाबरोबर वर गेली, तिथं उन्हाच्या उबेला आली, की आपली आपण उलगडते आणि यानाचा मिटलेला सौर पंखा उघडते. मोटर नको, स्प्रिंग नको. फक्त घडी घालताना पट्टी आतपर्यंत तापलेली हवी. वरून गरम, आत गार असली तर चीर जाते, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही.

हे मी कॉलेजात शिकले असं सगळ्यांना सांगते. खरं तर त्याच्या कितीतरी आधी तू शिकवलंस, ओझरच्या रस्त्याला ज्या द्राक्षबागेत तू रोजंदारीवर जायचीस तिथं. दिवाळीची सुट्टी आहे, मी दहा वर्षांची, तुझ्यामागून ओळीत चालतेय. वेलींच्या नव्या काड्या तारेला बांधायच्यात. तू म्हणतेस, "सकाळच्या पारी काडीला हात लावू नको गं. आत्ता ती ताठ आसती, वाकवली का मोडती. दुपारी ऊन लागलं का मऊ पडती, मंग बांधू." तू विहिरीवर पाणी आणायला गेलीस आणि मला शहाणपण सुचलं, सुतळी घेऊन मीच बांधायला लागले. तू येईपर्यंत सात काड्या मोडल्या, कोवळ्या घडांसकट. मालक तेवढ्यात आला. "कुनी केलं हे?" तू हंडा खाली ठेवलास, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "माझ्या हातनं झालं, मालक." सुतळी माझ्या मुठीत होती, ती मी पाठीमागे लपवली. उद्यापासून येऊ नका, असं तो तुला म्हणाला, तेव्हाही मी तारेकडे बघत उभी राहिले.

संध्याकाळी चुलीपुढं तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "काड्या मोडल्या त्याचं काय न्हाई. तू गप ऱ्हायलीस, ते लई लागलं." मग पहिली गरम भाकरी माझ्याच ताटात टाकलीस. मी ती खाल्ली, तीही गप बसूनच.

आता मागच्या महिन्याचं ऐक. भट्टीवर आमच्याकडे एक ताई आहेत, माझ्याहून वयानं मोठ्या, कंत्राटावर. चाचणीसाठी पट्टी तापत होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, आत ऊब पोचली नाहीये अजून, जरा थांबू या." चाचणी बघायला आलेले पाहुणे बाहेर खोळंबले होते. मी म्हणाले, घाला घडी. त्यांनी घातली. चाचणीत पट्टी अर्धी उलगडली आणि कडकन तुटली. बैठकीत साहेबांनी विचारलं, घडी कुणी घातली? कागदावर सही ताईंची. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी तू बघितलं होतंस तसं. आणि आई, मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. एवढी शिकले, एवढी मोठी झाले, आणि अजून त्याच तारेकडे बघत उभी आहे. लाज वाटते मला. त्यांना भट्टीवरून काढलंय, आणि त्यांचं कंत्राट पुढं चालू ठेवायचं की नाही ते सोमवारी ठरणार आहे. कॉरिडॉरमध्ये भेटल्या की त्या अजूनही "जेवलात का मॅडम?" म्हणून विचारतात.

साहेबांना दोन ओळींचा मेल केला तरी पुरे. घाई मी केली, त्यांनी थांबायला सांगितलं होतं, एवढंच. तीन दिवस झाले, तो मेल उघडते आणि बंद करते. त्याऐवजी ही एवढी मोठी चिठ्ठी तुला झरझर लिहून झाली. कशी झाली ते मला ठाऊक आहे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर तुला लिहितेय. ज्यांना वाचता येतं, त्यांना मी अजून एक ओळही लिहिलेली नाही.