हातात देल्लेला पेपर

२ फेब्रुवारी
दिग्रसले आलो एकदाचा. घाटंजीले बसमधे चढतानी वर्षानं ही डायरी पिशवीत टाकली. बियान्याच्या कंपनीची, कोरीच होती. म्हने, फोनवर तुमचं सारं चांगलंच असते, खरं काय ते इथं लिहून ठेवा, मी आली की वाचीन. तं वाच बाई. खोली चांगली आहे, समोर ओटा आहे, मागं मोरीचं दार आहे, मालक बाहेरगावी राह्यते म्हनून कटकट नाही. पंजाबराव नावाचे पेपरचे एजंट आहेत, त्यायच्याकडं पहाटेची लाइन भेटली. दिवसा जिनिंगमधे काम आहे. महिनाभरात बस्तान बसलं की तुले अन् उर्वशीले घेऊन येतो. पोट्टी चार वर्षांची झाली, अन् मी आपला कामापायी कधी हैदराबाद, कधी सुरत. मागच्या खेपेले घरी आलो तं पाहुना समजून तुह्यामागं लपली होती. तिनं मले बाप म्हनून ओळखावं, बस, एवढंच पाह्यजे मले.

३ फेब्रुवारी
पहाटे साडेतीनले स्टँडवर गाडी येते अन् गठ्ठे उतरतात. मंग फुटपाथवर बसून एकेका पेपरात पुरवनी अन् दुकानदारायचे पॅम्प्लेट सरकवायचे. माहा एक पेपर होते तवर पंजाबराव तीन करतात, अन् वरून शिव्या देतात. त्यायचा एकच कायदा. पेपर फेकायचा. सायकलवरून उतरायचं नाही, कोनी हात पुढं केला तरी थांबायचं नाही. मी म्हनलं काहून, तं म्हने टाइम जाते. घडी करून भिरकावनं शिकवलं. माहा पह्यला पेपर नालीत गेला अन् दुसरा एका बाईच्या रांगोळीवर. ती जे बोलली ते लिहीत नाही. शेवटची गल्ली माहीच आहे, काम संपलं की मी सरळ घरात.

६ फेब्रुवारी
हात बसला आता. आज एकही नालीत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठं घर आहे, फाटकावर विठ्ठलराव नावाची पाटी. रोज तिथं पेपर फेकतो, आज ओट्यावर म्हातारे सोता बसले होते. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हात पुढं. मले फेकवलं नाही. तांड्यावर मोठ्या मानसापुढं वस्तू फेकली असती तं बानं तंगडी मोडली असती. उतरलो, दोन्ही हातानं पेपर देल्ला अन् वाकून रामराम केला. म्हाताऱ्यानं इचारलं, आज कोन गेलं. मी म्हनलं, निधनाचं पान काही पाह्यलं नाही. म्हने राहू दे, मीच पाह्यतो. हात लय थंडा होता त्यायचा. पन बरं वाटलं मले. पंजाबरावले काही सांगत नाही, उगाच बोंबलतीन.

७ फेब्रुवारी
आज विठ्ठलराव शेजारच्या ओट्यावर बसले होते. म्हातारा मानूस, गप्पा माराले आला असन. पेपर हातातच देल्ला. मी सायकल वळवतो तं त्या घरच्या बाईनं दुधाची थैली घ्याले दार उघडलं. मले पाहून हसली.

दुपारी जिनिंगवरून आलो तं त्या घरापुढं मानसं जमली होती. तीच बाई गेली. चाळीसचीही नसन. भाकरी थापता थापता खाली बसली म्हनतात.

८ फेब्रुवारी
विठ्ठलराव त्याच्या पुढच्या ओट्यावर. दुखवट्याच्या घराशेजारी असं बसनं मले आवडलं नाही. आज हातात देल्ला नाही, फेकला. त्यायनं उचलला नाही, नुसते दाराकडं पाहत राह्यले. आतून रिटायर मास्तर फिराले निघाले. दार त्यायनंच उघडलं, अन् म्हाताऱ्याच्या पायावरून गेल्यासारखे निघून गेले. त्यायले ते दिसलेच नाही.

संध्याकाळी मास्तर गेले.

९ फेब्रुवारी
आज विठ्ठलराव तिसऱ्या घरी. झाडू घेऊन सून बाहेर आली अन् मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं नाही. दहा वाजता तिले दवाखान्यात नेलं. परत आनली ती चादरीखाली.

पंजाबरावले सारं सांगतलं. त्यायचे हात थांबले. विठ्ठलराव जाऊन दोन वर्षं झाले म्हने. घर बंद आहे. पोरगा पुन्याले राह्यते, घर रिकामं दिसू नये, चोर येऊ नये म्हनून त्यानं पेपर चालू ठेवला, अन् महिन्यानं कोनी येऊन रद्दी उचलते. जिते होते तवा विठ्ठलराव सकाळी पेपर घेऊन दारोदार जायचे, आज कोन गेलं ते सांगाले. मंग त्यायनं मले एवढंच इचारलं, का पेपर हातात देल्ला होता का. मी हो म्हनलं. पंजाबराव म्हनाले, दोन वर्षं मीही तो हात पाहून राह्यलो, अन् फेकून राह्यलो.

मंग मले पह्यल्या दिवशीच काहून नाही सांगतलं? असं सांगतलं की लाइनीवर मानूस टिकत नाही म्हने. लय संताप आला. पन उतरलो तं मीच होतो.

१० फेब्रुवारी
चौथं घर. म्हातारा बसलेला. आता मले समजलं आहे, तो बसते त्या घरी जो पह्यले दार उघडते, तो जाते. म्हनून मी रस्त्यातूनच ओरडलो, दार उघडू नोका, कोनीच उघडू नोका. घरधनी रागानं बाहेर आला. पहाटेचं काय बोंबलून राह्यला म्हनून मले झापाले.

त्यानंच उघडलं. माह्या ओरडन्यानं उघडलं.

दुपारी दोनले गेला.

११ फेब्रुवारी
आज लाइनीवर गेलोच नाही. माह्या जागी पंजाबरावनं पेपर टाकले. त्यायचा फोन आला, म्हातारा पाचव्या घरी बसला होता. मी नसलो तरी तो थांबत नाही.

माह्या खोलीपर्यंत तीन घरं उरले. पह्यलं रुपीबाईचं, मंग दोघा भावायचे दोन. म्हनजे तीन दिवस. वर्षाले फोन केला, येऊ नको म्हनलं. काहून ते सांगता आलं नाही. तिनं फोन ठेवून देल्ला. उद्या तिन्ही घरी सांगतो अन् परवा खोलीले कुलूप लावून जातो घाटंजीले. खोली बंद असली तं कोन उघडन?

रुपीबाईले आत्ताच सांगून आलो. एकटीच असते. उन्हं वर येईपर्यंत दार उघडनार नाही असं कबूल केलं तिनं.

१२ फेब्रुवारी
रुपीबाई गेली. सडा टाकाले उठली होती. सत्तर वर्षांची सवय—

भावायच्या घरी रस्त्यावरूनच हाक मारली, कोनीच ओ देल्ली नाही. कामावर असतीन. संध्याकाळी परत जातो.

रात्री नऊ
वर्षा आली. शेवटच्या बसनं, उर्वशीले घेऊन. मी काय लपवून राह्यलो ते पाहाले आली. लय भांडली अन् मंग रडली. मी सारं सांगतलं तं कपाळाले हात लावून म्हने ताप आहे तुमाले. पोट्टी माह्याजवळ आली. सोताहून आली. बा म्हनली.

अजून दोन घरं आहेत मधात. सकाळच्या पह्यल्या बसनं तिघंही निघतो. भावायकडं जानं राहूनच गेलं.

१३ फेब्रुवारी, पहाट
खांबाच्या उजेडात खिडकीतून पाह्यलं. भावायच्या दोन्ही घराले कुलूप. लग्नाले गेले असतीन, मारेगावले म्हनत होते. माह्या ध्यानातच—

बंद घरी तो कायले बसन.

तो आमच्या ओट्यावर आहे.

४ वाजून १०
दाराच्या फटीतून दुपट्टा दिसून राह्यला. हालत नाही.

दोघी झोपल्या आहेत. वर्षा पाचले उठते. समोरच्या दाराची कडी वर आहे, पोट्टीचा हात पुरत नाही. दाराले पाठ लावून लिहून राह्यलो.

दार तं उघडाच लागन. आज नाही तं उद्या, कोनी तरी. तं मीच उघडतो. वर्षा, तू ह्यातलं काही खोटं समजू नको. पोट्टीले घेऊन पह्यल्या बसनं जाजो. मले भेव लागून राह्यलं, लय लागून राह्यलं, पन तुमच्यातलं कोनी—

उठतो आता. एकदा तिचं तोंड पाहून—

गोधडी रिकामी आहे. वर्षा एकटीच—

पायाले गार वारा. मोरीकडून. त्या दाराची कडी खाली आहे, मले सुचलंच नाही—

बाहेर उर्वशीचा आवाज. कोनाले तरी सांगून राह्यली, का बा आत लिहून